चार दरवाजांची बुगाती

मार्च १९९३मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात बुगाती कंपनीने एक गाडी मांडली आणि मोटारींच्या दर्दी मंडळींत सरळ दोन तट पडले. गाडी पाच मीटरहून थोडी लांब, चार दरवाजांची, चौघांना ऐसपैस बसता येईल अशी. पुढे बुगातीची घोड्याच्या नालासारखी जाळी. बोनेटच्या मध्यातून निघालेला एक उंचवटा काचेला शिवून छपरावर चढत होता आणि थेट मागच्या टोकापर्यंत उतरत होता. त्या उंचवट्यामुळे मागची काच दुभंगलेली होती. काहींना हे रूप विलक्षण देखणं वाटलं, काहींना बोजड. बोनेटखाली सहा लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन होतं, ताकद साडेचारशे अश्वशक्तीच्या वर. ते चारही चाकांना जोर देत होतं आणि गिअर हातानेच टाकायचे होते. वेग ताशी ३०० किलोमीटरच्या घरात जाईल, असं कंपनी सांगत होती.

गाडीचं नाव ईबी ११२. ती कधीच विक्रीला आली नाही. जगात या जातीच्या एकूण तीन गाड्या आहेत आणि त्यांतल्या दोन तर कंपनी बुडाल्यावर पुऱ्या झाल्या.

एक मोठी कंपनी एक सुंदर नमुना करते आणि मग तो गुंडाळून ठेवते, यात नवल काही नाही. प्रत्येक प्रदर्शनात असे नमुने येतात आणि जातात. बुगातीची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे हेच स्वप्न पुन्हा पुन्हा पाहिलं गेलं. शर्यतींसाठी आणि चपळ गाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या नावाच्या प्रत्येक नव्या धन्याला राजेशाही थाटाची, भव्य, चार दरवाजांची बुगाती करावीशी वाटली. १९२६मध्ये वाटली, १९९३मध्ये वाटली, १९९९मध्ये वाटली, २००९मध्येही वाटली. बहुतेक वेळा अचाट इंजिन आधी ठरलं आणि गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न मागाहून आला. त्या प्रश्नाचं उत्तर एकदाही नीट मिळालं नाही.

या वेडाचं मूळ आल्सासमधल्या मोल्सहाइम या गावात आहे. एत्तोरे बुगाती हा मिलानमध्ये १८८१ साली जन्मलेला इटालियन. वडील कार्लो फर्निचरचे नामांकित रचनाकार, धाकटा भाऊ रेम्ब्रांट प्राण्यांची शिल्पं करणारा कलावंत. एत्तोरेने १९०९मध्ये मोल्सहाइमला कारखाना थाटला. तेव्हा आल्सास जर्मनीत होतं. पहिल्या महायुद्धानंतर ते फ्रान्सकडे आलं. विसाच्या दशकात त्याच्या टाइप ३५ या हलक्याफुलक्या गाड्यांनी युरोपातल्या शर्यती मारून नेल्या. नाव झालं, पैसा आला. तेव्हा त्याने ठरवलं, की आता राजेमहाराजांसाठी गाडी करायची. एका मेजवानीत कुणा इंग्रज बाईंनी त्याला सुनावलं, की शर्यतीसाठी गाडी घ्यावी बुगातीची, पण दारात शोभावी ती रोल्स-रॉइसच. ते त्याच्या जिव्हारी लागलं, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते.

त्या हट्टातून झाली ती टाइप ४१, म्हणजे रॉयल.

रॉयलचे आकडे आजही वाचणाऱ्याला थबकायला लावतात. एका ओळीतली आठ सिलिंडर, क्षमता १२.७ लिटर. पहिल्या नमुन्यात तर ती १४.७ लिटर होती. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ४.३ मीटर, एकूण लांबी साडेसहा मीटरच्या आसपास, वजन तीन टनांहून जास्त. या इंजिनाच्या रचनेमागे विमानाच्या इंजिनाचा अनुभव होता. सिलिंडरचा ठोकळा आणि त्याचं डोकं एकाच ओतकामात केलेलं. त्यामुळे गळतीची धास्ती नव्हती, पण व्हॉल्व्ह घासायचे झाले तर अख्खं धूड खाली उतरवून खोलावं लागे. रेडिएटरच्या टोपणावर मागच्या पायांवर उभा राहिलेला, सोंड उंचावलेला एक छोटा हत्ती होता. तो रेम्ब्रांटच्या हातचा. रेम्ब्रांटने १९१६मध्ये पॅरिसमध्ये आत्महत्या केली होती. रॉयल घडताना तो हयात नव्हता. धाकट्या भावाचं शिल्प एत्तोरेने आपल्या सर्वांत मोठ्या गाडीच्या माथ्यावर बसवलं.

बेत पंचवीस गाड्यांचा होता. झाल्या सहा, विकल्या गेल्या तीन.

राजे गिऱ्हाईक होतील, ही एत्तोरेची अटकळ होती. स्पेनचे राजे तेरावे आल्फोन्सो यांच्याकडे त्याचे डोळे लागले होते, पण १९३१मध्ये त्यांनाच देश सोडावा लागला. आल्बेनियाचे राजे झोग गाडी घ्यायला आले, तर त्यांच्या जेवणाच्या टेबलावरच्या वागण्याला नाक मुरडून एत्तोरेने विकायलाच नकार दिला, असंही सांगतात. हिंदुस्थानातले संस्थानिक त्या काळात जगातल्या महागड्या मोटारींचे मोठे गिऱ्हाईक होते. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनी तर अमेरिकेच्या ड्यूसेनबर्गवर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बांधून घेतली होती. रॉयल मात्र इकडे एकही आली नाही. आणि १९२९च्या मंदीनंतर, नुसती चेसिसच रोल्स-रॉइसपेक्षा कितीतरी महाग पडणारी गाडी घ्यायला युरोपात तरी कोण पुढे येणार?

जे तिघे पुढे आले, त्यांतला एकही राजा नव्हता. पहिले आर्माँ एस्डेर, फ्रान्समधले तयार कपड्यांचे कारखानदार. त्यांच्यासाठी एत्तोरेचा थोरला मुलगा जाँ याने दोन आसनांची उघडी बॉडी काढली. एस्डेर रात्री गाडी चालवत नसत. त्यांनी दिवे नकोत म्हणून सांगितलं आणि ती प्रचंड गाडी पुढच्या दिव्यांविनाच तयार झाली. दोन्ही बाजूंच्या मडगार्डची वळणं अशी सलग वाहत गेलेली, की दिव्यांची जागाच डोळ्यांना जाणवू नये. दुसरे न्युरेंबर्गचे प्रसूतितज्ज्ञ डॉ. योझेफ फुक्स. नाझी राजवटीत त्यांनी जर्मनी सोडली. त्यांच्याबरोबर गाडीही जग फिरत न्यूयॉर्कला पोहोचली आणि पुढे तिथल्या भंगाराच्या आवारात पडली. जनरल मोटर्सचे अभियंते चार्ल्स चेन यांनी ती चाळीसच्या दशकात तिथून उचलली, दुरुस्त केली आणि नंतर हेन्री फोर्ड संग्रहालयाला दिली. तिसरे ब्रिटनचे कॅप्टन कथबर्ट फॉस्टर. उरलेल्या तीन गाड्या बुगातींच्या घरातच राहिल्या.

इंजिनांचं मात्र भलतंच भाग्य निघालं. मोटारींसाठी मांडलेला हा पसारा वाया जाऊ नये म्हणून एत्तोरेने तो रेल्वेकडे वळवला. १९३३पासून बुगातीचे रेल्वे डबे फ्रान्समध्ये धावू लागले. कुठे दोन, तर कुठे चार रॉयल इंजिनं एका डब्यात. चालकाची खोली छपरावर मधोमध, दोन्ही दिशांना पाहता येईल अशी. १९३४मध्ये त्यांनी चाचणीत ताशी १९० किलोमीटरच्या वर वेग गाठला. एकूण ८८ डबे तयार झाले आणि त्यांतले काही १९५८पर्यंत सेवेत होते. राजांनी नाकारलेलं इंजिन तिकीट काढून बसणाऱ्या लाखो प्रवाशांनी वापरलं. रॉयलने खाल्लेला पैसा रेल्वेने परत मिळवून दिला, कारखाना तगला आणि मंदीत कामगारांच्या हाताला काम राहिलं. रॉयलला नुसतं फसलेलं वेड म्हणणाऱ्यांनी हा हिशेब पाहायला हवा.

याच कारखान्यात त्याच दशकात चार दरवाजांची एक बुगाती मुकाट्याने खपतही होती. टाइप ५७ या मॉडेलच्या ३.३ लिटरच्या चेसिसवर वेगवेगळ्या बॉड्या बसत. दोन दरवाजांची व्हाँतू, उघडी स्टेल्व्हिओ, चार दरवाजांची गालिब्ये. ही नावं आल्प्समधल्या घाटांची आणि डोंगरांची. १९३४ ते १९४० या काळात टाइप ५७च्या सुमारे सातशे गाड्या तयार झाल्या. गालिब्येसाठी वेगळं इंजिन काढावं लागलं नाही, वेगळं यंत्रकाम मांडावं लागलं नाही. डॉक्टर, वकील, कारखानदार अशा माणसांना परवडेल अशी ती उंची गाडी होती. पुढच्या काळात बुगातीचं नाव ज्यांच्या ज्यांच्या हाती आलं, त्यांनी रॉयलचा थाट घेतला, गालिब्येचं हे गणित मात्र घेतलं नाही.

याच टाइप ५७ची आणखी एक बॉडी पुढे महत्त्वाची ठरली. जाँ बुगातीने १९३५मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात एरोलिट नावाचा नमुना मांडला. त्याचे पत्रे मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते. हा धातू पेट घेतो, त्यामुळे वेल्डिंगचा मार्ग बंद. मग पत्र्यांच्या कडा बाहेर वळवून एकमेकींना भिडवल्या आणि त्यांवर रिवेट ठोकले. छपरावरून मागे गेलेला तो उभा कणा असा, गरजेतून आला. पुढे अटलांटिक या नावाने गाड्या निघाल्या, त्यांचे पत्रे अॅल्युमिनियमचे होते. कण्याची गरज उरली नव्हती, पण जाँने तो ठेवला. अशा अवघ्या चार गाड्या झाल्या आणि आज त्या मोटारींच्या इतिहासातल्या सर्वांत मौल्यवान गाड्यांत मोडतात. ईबी ११२च्या छपरावरचा उंचवटा इथून आलेला आहे.

ऑगस्ट १९३९मध्ये गाडीची चाचणी घेताना, अचानक रस्त्यात आलेल्या सायकलस्वाराला वाचवण्याच्या प्रयत्नात जाँची गाडी झाडावर आदळली आणि तो गेला. तेव्हा तो तिशीचाच होता. पाठोपाठ युद्ध आलं. घरच्या तीन रॉयल पॅरिसजवळच्या एर्मनोंविल इथे भिंतीआड लपवल्या गेल्या. १९४७मध्ये एत्तोरेही गेला. वारस हरपला होता, बाजार उद्ध्वस्त झाला होता. कारखाना काही वर्षं रखडत चालला आणि मोटारींचं काम थांबलं. १९५०मध्ये एत्तोरेची मुलगी लेबे हिने दोन रॉयल अमेरिकेच्या ब्रिग्ज कनिंगहॅम यांना विकल्या, तेव्हा रकमेबरोबर दोन नवे फ्रिजही मोबदल्यात घेतले. युद्धोत्तर फ्रान्समध्ये ते मिळत नव्हते. त्याच दोनांपैकी एक गाडी १९८७मध्ये लंडनच्या लिलावात ५५ लाख पौंडांना गेली.

त्याच १९८७ साली रोमानो आर्तिओली या इटालियन मोटार व्यापाऱ्याने बुगातीचं नाव विकत घेतलं. आर्तिओली फेरारी विकत होता, सुझुकीच्या गाड्या इटलीत आणत होता आणि बुगातीवर त्याचं लहानपणापासून प्रेम होतं. त्याने कारखान्यासाठी जागा निवडली ती मोडेनाजवळच्या कांपोगाल्यानोची. फेरारी, लॅम्बोर्गिनी, मासेराती यांच्या मुलखात कसबी माणसं मिळणार, हा त्यातला हिशेब. जांपाओलो बेनेदिनी या वास्तुरचनाकाराने बांधलेला तो कारखाना त्या काळातल्या सर्वांत देखण्या कारखान्यांत गणला गेला. भरपूर उजेड, स्वच्छ दालनं आणि बाहेरच्या निळ्या भिंतींवर पांढऱ्या अक्षरांत मोठ्ठं ‘ईबी’. १५ सप्टेंबर १९९१ रोजी, एत्तोरेच्या ११०व्या जन्मदिवशी, पॅरिसमध्ये ईबी ११०चं अनावरण झालं. साडेतीन लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन, चार टर्बो, साठ व्हॉल्व्ह, चारही चाकांना जोर आणि कार्बन फायबरचा सांगाडा. हे सगळं एकत्र त्याआधी कुठल्या विक्रीच्या गाडीत कुणी पाहिलं नव्हतं.

पण नुसत्या दोन आसनांच्या गाडीवर एवढा मोठा कारखाना चालत नाही, हे आर्तिओलीला कळत होतं. म्हणून ईबी ११२. रचना जॉर्जेत्तो जुजारो यांच्या इटालडिझाइनकडे गेली. फोक्सवॅगन गोल्फपासून कितीतरी गाड्यांना रूप देणारा हा माणूस. जुजारोंनी जुन्या बुगातीची नक्कल केली नाही. त्यांनी अटलांटिकचा कणा घेतला, तो चार दरवाजांच्या लांब अंगावर ताणला, बोनेटवर नेला आणि त्या एका रेषेभोवती सगळी गाडी बांधली. छप्पर मागे उतरतं ते पाठ वाकवलेल्या पशूसारखं. अॅल्युमिनियमची बॉडी, इंजिन पुढच्या आसाच्या मागे सरकवलेलं, म्हणजे वजनाचा तोल दोन्ही टोकांना सारखा राहावा. ज्याला मागे बसून पेपर वाचायचा आहे त्यालाही जागा मिळावी आणि ज्याला स्वतः स्टिअरिंग धरायचं आहे त्यालाही वाटावं, की आपण बुगातीच चालवतो आहोत, असा या गाडीचा विचार होता. आज अनेक कंपन्या चार दरवाजांच्या भरधाव गाड्या विकतात आणि त्यांवर भरपूर कमावतात. पोर्शची पॅनामेरा २००९मध्ये आली, अॅस्टन मार्टिनची रापीड २०१०मध्ये. ईबी ११२ त्यांच्या सोळा-सतरा वर्षं आधी उभी होती.

तिचं दुर्दैव असं, की तिला चुकीचं दशक मिळालं. ऐंशीच्या दशकात महागड्या गाड्यांचा बाजार तापला होता. जपानमध्ये पैसा ओतप्रोत होता. नव्वदीच्या सुरुवातीला तो फुगा फुटला. नेमक्या त्याच काळात, १९९३च्या ऑगस्टमध्ये, आर्तिओलीने जनरल मोटर्सकडून ब्रिटनची लोटस कंपनीही घेतली. लोटसला त्याचा फायदाच झाला. तिची गाजलेली एलिस त्याच्या काळात आकाराला आली आणि तिचं नाव त्याच्या नातीच्या, एलिसाच्या, नावावरून पडलं. पण बुगातीवरचा भार वाढला. ईबी ११०च्या सगळ्या मिळून दीडशेही गाड्या झाल्या नाहीत. सप्टेंबर १९९५मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. कामगार घरी गेले आणि निळा कारखाना बंद पडला. त्यानंतरही एका कुटुंबाने ती वास्तू वर्षानुवर्षं झाडून-पुसून राखली.

ईबी ११२चे सुटे भाग आणि अर्धवट गाड्या मोनॅकोच्या जिल्दो पालांका पास्तोर यांनी विकत घेतल्या. १९९५च्याच मार्चमध्ये त्यांनी ईबी ११०मधून फिनलंडमध्ये बर्फावर ताशी २९६ किलोमीटरचा विक्रम केला होता. त्यांच्याकडे दोन ईबी ११२ पूर्ण झाल्या. पुढे त्यांनी फ्रान्सची व्हेंचुरी ही कंपनी घेतली आणि ते विजेच्या गाड्यांकडे वळले.

१९९८मध्ये फोक्सवॅगनने बुगातीचं नाव घेतलं. कंपनीचे प्रमुख फर्डिनांड पीएश हे स्वतः अभियंते, फर्डिनांड पोर्श यांचे नातू. त्यांच्या डोक्यात अठरा सिलिंडरचं इंजिन होतं. सहा-सहा सिलिंडरच्या तीन रांगा, क्षमता सव्वासहा लिटर, ताकद ५५५ अश्वशक्ती. याची कल्पना त्यांनी जपानच्या शिंकान्सेन रेल्वेत एका पाकिटावर रेखाटली होती, असं सांगतात. म्हणजे इंजिन पुन्हा गाडीच्या आधी. १९९८च्या पॅरिस प्रदर्शनात दोन दरवाजांची ईबी ११८ आली, १९९९च्या मार्चमध्ये जिनिव्हाला चार दरवाजांची ईबी २१८. रचना पुन्हा जुजारोंची आणि पाहणाऱ्याला लगेच ओळखू येई, की ही ईबी ११२चीच पुढची पायरी आहे. तोच कणा, तीच मागची दुभंगलेली काच, अंग आणखी लांब.

पण त्याच वर्षी फ्रँकफर्ट आणि टोकियोत बुगातीने बसक्या, मधल्या इंजिनाच्या गाड्याही मांडल्या आणि पीएश यांचं मन तिकडे गेलं. अठरा सिलिंडरचं इंजिन मागे पडलं, सोळा सिलिंडरचं आलं, त्यावर चार टर्बो आले आणि २००५मध्ये हजार अश्वशक्तीची वेरॉन विक्रीला आली. शिवाय फोक्सवॅगनच्या घरात १९९८पासूनच बेंटलीही होती. भव्य चार दरवाजांची गाडी हा तर बेंटलीचा पिढीजात धंदा. एकाच मालकाने एकाच गिऱ्हाइकाला दोन गाड्या कशासाठी विकायच्या?

हा प्रश्न दहा वर्षांनी अधिकच टोकदार झाला. २००९च्या सप्टेंबरमध्ये, कारखान्याच्या शताब्दीला, मोल्सहाइममध्ये निवडक गिऱ्हाइकांपुढे १६सी गालिब्ये उघडी केली गेली. आठ लिटरचं सोळा सिलिंडरचं इंजिन पुढे बसवलेलं, मागे आठ धुराडी, बोनेट मधल्या कण्यावर दोन्ही बाजूंनी पंखांसारखं उघडणारं. निळ्या कार्बन फायबरची बॉडी, चकचकीत अॅल्युमिनियमचे दरवाजे आणि मडगार्ड. डॅशबोर्डवर पार्मिजानी कंपनीचं तूर्बियाँ घड्याळ, आणि ते काढून मनगटावर बांधता येई. महिनाभर आधीच बेंटलीची मुलसान जगापुढे आली होती. गालिब्येवर पुढची चार वर्षं काम चाललं, बदल झाले, वेळ लांबत गेला. शेवटी कंपनीचे प्रमुख वोल्फगांग श्रायबर यांनी २०१३मध्ये चार दरवाजांची बुगाती होणार नाही, असं जाहीर करून टाकलं. वेरॉनच्या साडेचारशे गाड्या संपल्यावर बुगातीला तिच्याहून वेगवान गाडीच करायची होती. ती २०१६मध्ये शिरॉन म्हणून आली.

टाइप ५७नंतर चार दरवाजांची बुगाती नियमित विक्रीला कधीच आलेली नाही. २०२१मध्ये कंपनी क्रोएशियाच्या रिमाक आणि पोर्श यांच्या भागीदारीत गेली. २०२४मध्ये तिने तूर्बियाँ ही नवी गाडी दाखवली. इंजिन सोळा सिलिंडरचं, जोडीला विजेच्या मोटारी, आसनं दोन.

या सगळ्या फसलेल्या गाड्यांत खरी हळहळ वाटते ती ईबी ११२ची. रॉयलला मंदीने मारलं, पण तिची इंजिनं रुळांवर पंचवीस वर्षं जगली आणि तिच्या सहाही गाड्या आज जपलेल्या आहेत. ईबी २१८ मागे पडली, तेव्हा तिच्यामागचं वेड वेरॉनमध्ये उतरलं. गालिब्येची जागा शिरॉनने घेतली. ईबी ११२चं इंजिन कुठेच गेलं नाही, तिचा वारसा कुठल्या विक्रीच्या गाडीत उतरला नाही. तरीही कारखाना बुडाल्यावर उरल्यासुरल्या भागांतून दोन गाड्या पुऱ्या होऊ शकल्या. जुजारो आणि कांपोगाल्यानोचे अभियंते यांनी आपलं काम संपत आणलं होतं, हे यावरून कळतं. त्यांना हवी होती ती आणखी थोडी वर्षं आणि पगार वेळेवर देणारा कारखाना.